टांझानियाचा किनारा: झांझिबार, दार-एस-सलाम आणि पलीकडची बेटं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुलांना सुट्टी एप्रिल-मेमध्येच असते. तेव्हा गेलं तर चालेल का?

शक्यतो नको. टांझानियाच्या किनाऱ्यावर मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत 'मासिका' असतो, म्हणजे तिथला मोठा पाऊस. एप्रिल सगळ्यात भिजरा. समुद्र गढूळ होतो, गावातले कच्चे रस्ते चिखलाने भरतात आणि बरीच हॉटेलं या काळात डागडुजीसाठी चक्क बंद असतात. आपल्या उन्हाळी सुट्टीत झांझिबारची पॅकेजं स्वस्त मिळतात ती याच कारणाने. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही.

चांगला काळ जून ते ऑक्टोबर. हा देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे जून-जुलै-ऑगस्ट हा तिथला थंड मोसम. थंड म्हणजे स्वेटरची थंडी नव्हे. दुपारी ऊन असतं, संध्याकाळी वारा सुटतो, घाम कमी येतो. दुसरा काळ जानेवारी-फेब्रुवारी: उकाडा जास्त, पण पाणी नितळ. मधे नोव्हेंबर-डिसेंबरात 'वुली' नावाचा छोटा पाऊस येतो. एखादी जोरदार सर पडते आणि बहुतेक दिवशी पुन्हा ऊन येतं. दिवाळी ऑक्टोबरमध्ये असेल त्या वर्षी शाळेची सुट्टी आणि तिथली हवा दोन्ही जुळून येतात. ते वर्ष सोडू नका. नाताळात हवा बरी असते, पण दर कडाडलेले असतात.

या सगळ्यामागे दोन वारे आहेत. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून 'कास्काझी' वाहतो, मग दक्षिणेकडून 'कुसी'. आपला मोसमी पाऊस आणणारं जे वाऱ्यांचं चक्र, त्याचाच हा भाग. कच्छ, मस्कत, इराणची गलबतं कास्काझीवर इकडे यायची आणि कुसीवर परत जायची. किनाऱ्यावरची सगळी जुनी गावं या येण्याजाण्यावर उभी राहिली. म्हणून माझं सांगणं असं की महिना वारा बघून ठरवा, किनारा भरती-ओहोटी बघून ठरवा आणि हॉटेलची चित्रं सगळ्यात शेवटी बघा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि हिरमुसून येतात.

फोटोत निळंशार पाणी दिसतं, प्रत्यक्षात समुद्र मैलभर आत गेलेला असतो अशी तक्रार ऐकली. खरं काय?

दोन्ही खरं आहे, वेळ वेगळी. उंगुजा, म्हणजे आपण ज्याला झांझिबार म्हणतो ते मुख्य बेट. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर पाजे, जांबियानी, ब्वेजू, मातेम्वे ही गावं आहेत. तिथे प्रवाळाची भिंत किनाऱ्यापासून बरीच लांब आहे आणि मधलं पाणी उथळ. ओहोटीला ते सगळं निघून जातं आणि वाळू, शेवाळ, डबकी उघडी पडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, तो बराच कमी असतो. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. तारखा ठरवताना पंचांग काढून बघा, खरोखर उपयोग होतो.

पोहणं हाच मुख्य हेतू असेल तर उत्तर टोकाचं नुंग्वी किंवा केंद्वा घ्या. तिथे किनारा लवकर खोल होतो, त्यामुळे दिवसभर पाण्यात उतरता येतं. केंद्वाला वाळू रुंद आणि गर्दी जरा विरळ, नुंग्वीला वस्ती, दुकानं, रात्रीचा गोंगाट. काइट सर्फिंग शिकायचं असेल तर पाजे. तिथलं उथळ पाणी आणि एका दिशेने वाहणारा वारा नवशिक्यासाठी सोयीचा.

पण मला विचाराल तर दोन रात्री तरी जांबियानीला काढाव्यात, आणि त्या ओहोटीसाठीच. पाणी ओसरलं की गावातल्या बायका गुडघ्याएवढ्या पाण्यात चालत जातात. वाळूत काठ्यांच्या रांगा रोवलेल्या असतात, दोन काठ्यांमध्ये दोरी ताणलेली आणि दोरीला हातभर अंतरावर समुद्री शेवाळाचे झुबके बांधलेले. वाढलेला झुबका सोडवायचा, गोणीत भरायचा, त्यातलाच लहान तुकडा परत दोरीला बांधायचा. पाठ वाकलेलीच असते. भरती चढायला लागली की ओली गोणी डोक्यावर घेऊन परत. हे शेवाळ वाळवून परदेशी जातं, खाद्यपदार्थ आणि सौंदर्यप्रसाधनं दाट करायला वापरतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही शेती इथे आली आणि पहिल्यांदाच हजारो बायकांच्या हातात स्वतःचा पैसा आला. आता पाणी तापत चालल्याने पीक मरतं, भावही फार मिळत नाही. जांबियानी-पाजेत त्यांच्यापैकी काही जणी शेवाळाचा साबण, तेल करून विकतात. विकत घ्यायचंच असेल तर ते घ्या. आणि फोटो काढण्याआधी विचारा. त्या कामावर आलेल्या असतात.

पायात रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच. उथळ पाण्यात समुद्री साळिंदरं असतात आणि काटा रुतला की दोन दिवस लंगडत काढावे लागतात.

झांझिबार वेगळा देश आहे का? व्हिसा दोन लागतात का?

नाही, एकच. मुख्य भूमीवरचा टांगानिका आणि झांझिबार २६ एप्रिल १९६४ रोजी एकत्र आले आणि टांझानिया झाला. झांझिबारचं स्वतःचं सरकार आणि स्वतःचा अध्यक्ष आहे, त्यामुळे दार-एस-सलामहून बोटीने गेलात तरी तिथे पासपोर्ट दाखवावा लागतो. व्हिसा मात्र तोच चालतो. भारतीय पासपोर्टवर साधा एकवेळचा पर्यटक व्हिसा ५० डॉलरचा, ऑनलाइन अर्ज करून मिळतो. अर्ज फक्त टांझानियाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर करा. नावसाधर्म्य असलेली बरीच खासगी संकेतस्थळं जादा पैसे उकळतात.

भारतात प्रवास विमा काढलाय. तरी झांझिबारचा वेगळा लागतो?

हो. १ ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारला उतरणाऱ्या परदेशी पाहुण्याला तिथल्या सरकारी विमा कंपनीची पॉलिसी घ्यावीच लागते. प्रौढांसाठी ४४ डॉलर. निघण्याआधी ऑनलाइन भरा आणि छापील प्रत जवळ ठेवा. आपला भारतीय विमाही असू द्या, कारण गंभीर आजारात दार-एस-सलाम किंवा नैरोबीला हलवायची वेळ येऊ शकते.

मुंबईहून कसं जायचं?

एअर टांझानियाचं मुंबई ते दार-एस-सलाम थेट विमान आहे, साधारण सहा तास. नाहीतर नैरोबी, आदिस अबाबा, दोहा किंवा दुबईमार्गे, आणि यातली काही विमानं थेट झांझिबारला उतरतात. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

पिवळ्या तापाची लस लागते का?

भारतातून थेट जाणाऱ्याला टांझानिया ती सक्तीची करत नाही. पण केनिया किंवा इथिओपियामार्गे जाऊन तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर प्रमाणपत्र मागतात. परत येताना मुंबईचे आरोग्य अधिकारीही अशा प्रवाशांकडे काटेकोरपणे बघतात, आणि कागद नसेल तर विलगीकरणात ठेवण्याचा त्यांना अधिकार आहे. म्हणून नैरोबी किंवा आदिसमार्गे जाणार असाल तर लस घेऊनच टाका. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तारीख आधी घ्यावी लागते आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मलेरिया किनाऱ्यावर आहे. झांझिबारने तो बराच आटोक्यात आणला असला तरी संपलेला नाही. प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेला गेल्याचं आवर्जून सांगा.

दार-एस-सलामला थांबावं की थेट झांझिबार गाठावं?

एक पूर्ण दिवस तरी थांबा. राजधानी दोदोमा आहे, पण देशाचा व्यापार, बंदर, माणसं सगळी दारमध्ये, म्हणजे दार-एस-सलाममध्ये. झांझिबारच्या सुलतान माजिदने १८६०च्या दशकात वसवलेलं हे गाव आज पूर्व आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक आहे.

सकाळी लवकर किवुकोनीच्या मासळी बाजारात जा. होड्यांतून माल उतरतो, लिलाव पुकारले जातात आणि एका बाजूला मोठ्या कढयांत मासळी तळत असते. मग राष्ट्रीय संग्रहालय. मेरी लीकी यांना १९५९ मध्ये ओल्डुवाई घळीत सापडलेली, सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश प्राण्याची कवटी याच संग्रहालयाची ठेव आहे. दुपारी किसुतू भागात फिरा. देवळं, जमातखाने, फरसाणाची दुकानं आणि पान एकाच गल्लीत सापडतं. कारियाकू बाजार बघण्यासारखा आहे, पण मोबाइल खिशात आणि पिशवी पोटाशी धरून.

समुद्रस्नानासाठी शहराच्या उत्तरेचं म्बुद्या बेट मला सगळ्यात आवडतं. कुंदुचीच्या बाजूने छोटी बोट मिळते, बेटावर झावळ्यांच्या झोपड्या भाड्याने मिळतात आणि ताजा मासा भाजून देतात. रविवारी संध्याकाळी कोको बीचवर अख्खं शहर लोटतं. तिथे पोहायला नका जाऊ, लिंबू-तिखट लावलेला तळलेला कसावा, म्हणजे साबुदाणा ज्याचा करतात तो कंद, खायला जा.

फेरी की विमान?

समुद्र शांत असेल तर फेरी. जलद बोटी सुमारे दोन तासांत स्टोन टाउनच्या, म्हणजे झांझिबार शहराच्या जुन्या भागाच्या, धक्क्याला लावतात. परदेशी प्रवाशांचं तिकीट वेगळं, साध्या वर्गाचं ३५ डॉलरच्या आसपास. तिकीट कंपनीच्या स्वतःच्या खिडकीवर किंवा ऑनलाइन घ्या. धक्क्याबाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरणाऱ्यांकडून नको. जून ते ऑगस्ट कुसी जोरात असतो आणि बोट चांगलीच हेलकावते. बोट लागणाऱ्यांनी आधी गोळी घ्यावी किंवा सरळ वीस-पंचवीस मिनिटांचं छोटं विमान धरावं.

खच्चून भरलेल्या जुन्या बोटीत पैसे वाचवण्यासाठी चढू नका. १० सप्टेंबर २०११ रोजी उंगुजाहून पेंबा बेटाला जाणारी अशीच एक बोट बुडाली आणि शेकडो माणसं गेली.

स्टोन टाउनमध्ये नेमकं काय बघायचं? एक दिवस पुरतो का?

दोन रात्री द्या. २००० साली हे गाव जागतिक वारसा यादीत आलं, पण ते संग्रहालय झालेलं नाही. माणसं राहतात, मुलं मदरशातून घरी जातात, बराझांवर म्हणजे दारालगतच्या दगडी ओट्यांवर म्हातारे कॉफी पीत बसतात. नकाशा मिटून गल्ल्यांत शिरा. वाट चुकलात तरी चालत राहिलं की समुद्र किंवा मोठा रस्ता लागतोच.

दारांकडे नीट बघा. वरून सपाट, कोरीव चौकटीचं दार अरबी वळणाचं. वर कमान आणि फळ्यांवर पितळी टोकदार खिळे असतील तर ते भारतीय वळणाचं. हत्तींनी दार फोडू नये म्हणून आपल्याकडच्या वाड्यांना आणि किल्ल्यांना असले खिळे असत. झांझिबारमध्ये हत्ती नाही, शोभा म्हणून खिळे राहिले. बंदरासमोरचा जुना दवाखाना बघा. थारिया टोपण या गुजराती व्यापाऱ्याने बांधायला घेतलेली ही इमारत, तिचे लाकडी नक्षीचे सज्जे पाहून मुंबईच्या जुन्या वस्तीची आठवण येतेच. सुलतान बर्गशने १८८३ मध्ये बांधलेला 'आश्चर्यमहाल' डिसेंबर २०२० मध्ये अंशतः कोसळला. आत जाता येतं का ते निघण्यापूर्वी विचारा.

'क्वीन' या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं छोटं संग्रहालयही इथे आहे. फारुख बलसारा या नावाने तो १९४६ मध्ये याच गावात पारशी घरात जन्मला आणि शिकला आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. १९६४च्या क्रांतीत अरब आणि भारतीय वस्तीवर हल्ले झाले, हजारो माणसं मारली गेली, पुष्कळांनी बेट सोडलं. त्यांत त्याचं कुटुंबही होतं.

आणि अँग्लिकन कॅथीड्रल चुकवू नका. ते गुलामांच्या बाजारावर बांधलेलं आहे. बाहेर खड्ड्यात गळ्याला साखळ्या घातलेल्या माणसांची शिल्पं आहेत, आवारातल्या इमारतीखाली वाकून शिरावं लागतं अशा कोठड्या आहेत. हा बाजार १८७३ मध्ये बंद झाला. त्यासाठी सुलतानावर दबाव आणायला आलेले सर बार्टल फ्रियर त्याआधी मुंबईचे गव्हर्नर होते. आतल्या मुलखात हस्तिदंत आणि माणसं आणायला जाणाऱ्या तांड्यांना झांझिबारचे भारतीय सावकार कर्ज देत, हेही तिथे उभं राहून आठवलं पाहिजे. आपल्या लोकांची या किनाऱ्यावरची कामगिरी फक्त दारं आणि दवाखान्यांपुरती सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना जरूर न्या, आधी घरी बोलून.

कपड्यांचे नियम कडक आहेत का?

झांझिबारची जवळजवळ सगळी वस्ती मुस्लिम आहे. वाळूवर आणि हॉटेलात पोहण्याचे कपडे चालतात. गावात, बाजारात, फेरीवर खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पुरुषांचेही. उघड्या अंगाने स्टोन टाउनमध्ये हिंडणाऱ्यांना दंड होऊ शकतो. तसं करू नये याचं खरं कारण मात्र दंड नाही, ते कुणाचं तरी घरचं अंगण आहे हे आहे. रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर खाणं-पिणं टाळा. गावातली बरीच खानावळं तेव्हा सूर्यास्तापर्यंत बंद असतात, हॉटेलात मिळतं. ईदच्या दिवसांत मात्र सगळं गाव नटलेलं असतं.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

मुळीच नाही. चपाती तिथे रोजच्या जेवणात आहे आणि तिला चपातीच म्हणतात. नारळाच्या दुधातला भात, नारळाच्या रसातला राजमा म्हणजे 'महारागे', 'म्चिचा' म्हणजे माठाची भाजी, कच्च्या केळ्याची आमटी, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली. सकाळी तांदूळ-नारळाचे 'वितुंबुआ' आप्प्यांसारख्याच खळग्यांच्या तव्यात होतात, वेलचीचा वास असतो. दारच्या किसुतूत आणि स्टोन टाउनमध्ये गुजराती थाळीही मिळते.

उरोजो मात्र खाल्ल्याशिवाय येऊ नका. गाडीवाली वाडग्यात आधी उकडलेल्या बटाट्याच्या फोडी घालते, वर भजी कुस्करते, मग बटाट्याचा छोटा गोळा, त्याला तिथे कचोरी म्हणतात. त्यावर कैरी-लिंबाचं आंबट, हळदीचं पिवळं, दाटसर गरम सार ओतते पळीने, मग नारळाची चटणी, तिखट आणि शेवटी मूठभर कसावाचा कुरकुरीत चिवडा. अंडं किंवा मांसाचे तुकडे नको असतील तर आधीच सांगा: 'बिला न्यामा' म्हणजे मांसाशिवाय, 'बिला समाकी' म्हणजे मासळीशिवाय, 'बिला मायाई' म्हणजे अंड्याशिवाय. सार मांसाच्या पाण्यात केलंय का, हेही विचारून घ्या.

मांसाहार करणाऱ्यांपैकी ज्यांना गोमांस चालत नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: 'न्गोंबे' म्हणजे गाय-बैल, 'म्बुझी' बकरी, 'कुकू' कोंबडी. रस्त्यावर सळईला भाजून मिळणारी मिशिकाकी बहुतेकदा न्गोंबेची असते. डुकराचं मांस बेटावर फारसं मिळत नाही. मासे खाणाऱ्यांची तर चंगळच आहे. 'समाकी वा कुपाका', म्हणजे भाजलेल्या माशावर नारळाच्या रसाचा थर, हे मालवणी माणसाने एकदा खावंच.

स्टोन टाउनच्या फोरोधानी बागेतला रात्रीचा खाऊबाजार बघायला छान आहे. पण मांडून ठेवलेली मासळी किती वेळची आहे हे दिव्यांच्या उजेडात कळत नाही. तिथे उसाचा रस आणि तव्यावर समोर भाजलेलं काही घ्या, मासे दुसरीकडे खा.

पैसे कसे न्यावे?

डॉलर न्या, २००९ नंतर छापलेल्या, न फाटलेल्या नोटा. जुन्या नोटा बदलून देत नाहीत. २०२५ पासून देशांतर्गत खरेदीत परदेशी चलन मागणं आणि देणं कायद्याने बंद झालंय, त्यामुळे बाजारात शिलिंगच द्या. एका रुपयाला साधारण तीसच्या घरात शिलिंग पडतात. एटीएम शहरांत आहेत, बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर विरळ. कार्डावर बरेच हॉटेलवाले जादा आकार लावतात. शिवाय झांझिबारमध्ये हॉटेलात दर रात्री माणशी छोटा कर रोख भरावा लागतो.

झांझिबारच्या पलीकडे कुठे जावं?

इथे मला खूप सांगायचं आहे, कारण आपल्याकडचे प्रवासी झांझिबारला पोचून परत फिरतात आणि या किनाऱ्याचा सगळ्यात मोलाचा भाग बघायचा राहतो.

पेंबा हे उत्तरेचं बेट डोंगराळ आणि हिरवंगार. झांझिबारची लवंग मुख्यतः इथे पिकते. तोडणीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या असतात आणि मोटारीच्या काचा बंद असल्या तरी वास येतो. वाळूचे किनारे कमी, पण समुद्रात खोल उतरणाऱ्या प्रवाळाच्या भिंती आहेत, स्कूबा करणाऱ्यांसाठी उत्तम. हॉटेलं मोजकीच.

माफिया, दारच्या दक्षिणेला. १९९५ मध्ये टांझानियाचं पहिलं सागरी उद्यान इथे झालं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी किलिंदोनीसमोर देवमुशी मासे येतात, समुद्रातला सगळ्यात मोठा मासा, आणि तो माणसाला काही करत नाही. त्याच्याजवळ पोहताना हात लावायचा नाही, पुढे आडवं जायचं नाही. झांझिबारची गर्दी नको असेल त्यांनी डोळे मिटून माफिया निवडावं.

आणि किल्वा. दारपासून सुमारे तीनशे किलोमीटर दक्षिणेला किल्वा मासोको गाव, तिथून परवाना आणि वाटाड्या घेऊन शिडाच्या होडीने किल्वा किसिवानी बेटावर जायचं. आज तिथे बाओबाबची, म्हणजे गोरखचिंचेची झाडं, शेळ्या आणि लहानसं कोळी गाव आहे. तेराव्या-चौदाव्या शतकात आताच्या मोझांबिकमधल्या सोफाळ्याच्या सोन्याचा व्यापार याच बेटावरून चाले. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये आला आणि हे शहर जगातल्या देखण्या शहरांपैकी एक आहे असं लिहून गेला. प्रवाळाच्या दगडातली मोठी मशीद अजून उभी आहे. तिच्या घुमटांखाली दुपारी थांबलं की दगडातला गारवा जाणवतो. १५०५ मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्को द आल्मेदाने किल्वा लुटलं आणि तिथूनच तो पुढे भारताकडे, पोर्तुगीज हिंदुस्थानचा पहिला व्हाइसरॉय म्हणून आला. तीन वर्षांनी त्याचा मुलगा लोरेन्सो आपल्या चौलच्या खाडीसमोरच्या लढाईत मारला गेला. अलिबागला गेल्यावर चौलचे अवशेष बघणाऱ्याने किल्वाही बघावं, हा एकाच समुद्राचा इतिहास आहे. किल्वा आणि शेजारचं सोंगो म्नारा १९८१ पासून जागतिक वारसा आहे. सोयी साध्या, रस्ता लांब, जेवण ठीक. तरी जा.

बागामोयो एका दिवसात होतं का?

होतं, दारपासून सत्तरेक किलोमीटर. आतल्या मुलखातून येणारे तांडे इथे समुद्राला भिडत, पुढे काही वर्षं जर्मन वसाहतीची राजधानीही इथेच होती. जुनी जर्मन इमारत, काओलेचे मशिदीचे अवशेष आणि कॅथलिक मिशन बघा. १८७३ मध्ये आताच्या झांबियात स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला. त्याच्या आफ्रिकी सोबत्यांनी त्याचा देह महिनोन्‌महिने चालत इथवर आणला. त्यातला जेकब वेनराइट हा गुलामगिरीतून सुटलेला मुलगा, शिकला होता नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन आश्रमात. अंत्यविधीची प्रार्थना त्यानेच म्हटली आणि शवपेटीसोबत लंडनपर्यंत तोच गेला. नाशिककरांना शरणपूर रोड माहीत असतो, ही गोष्ट फार कमी जणांना.

डॉल्फिन, कासवं, तारामासे: काय करावं, काय नको?

किझिमकाझीला डॉल्फिन दाखवतात. पण एका कळपामागे दहा-बारा बोटी लागतात आणि लोक त्यांच्या अंगावर उड्या टाकतात. मी ही सहल सुचवत नाही. म्नेंबा बेटाच्या प्रवाळावर स्नॉर्केलिंग करा, सकाळी लवकर. फोटोसाठी नावाडी तारामासा पाण्याबाहेर काढून हातात देऊ लागला तर नको म्हणा. बाहेर काढला की त्याला इजा होते. चांगू बेटावरची प्रचंड कासवं १९१९ मध्ये सेशेल्सहून भेट आलेल्या कासवांची वंशावळ आहे, मुलांना फार आवडतात. जोझानी जंगलातली लाल कोलोबस माकडं फक्त झांझिबारच्या बेटांवरच आहेत. त्यांना खाऊ घालायचा नाही.

सुरक्षित आहे का?

एरवी नेहमीची काळजी पुरते: रात्री निर्जन वाळूवर फिरू नये, दारमध्ये रस्त्यात थांबलेल्या अनोळखी टॅक्सीत बसू नये, ॲपवरून गाडी बोलवावी. किनाऱ्यावर सहली विकणारी पोरं मागे लागतात. हसून 'हापाना, असांते' म्हणा, म्हणजे 'नको, आभार', आणि चालत राहा. मात्र ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीच्या वेळी दारसह अनेक शहरांत हिंसाचार झाला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. त्यामुळे तिकीट काढण्याआधी आणि निघण्याआधी भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना वाचा. सरकारी इमारती, बंदर, पोलिस यांचे फोटो काढू नका.

फिरायला काय मिळतं?

दारमध्ये रिक्षा आहे आणि तिला बजाजी म्हणतात. वेगळ्या मार्गिकेतून धावणाऱ्या बसगाड्या स्वस्त आणि वेगवान, गर्दीच्या वेळा टाळा. झांझिबारमध्ये डालाडाला, म्हणजे बाकं टाकलेल्या टपाच्या गाड्या, अख्ख्या बेटावर जातात. सामान कमी असेल तर मजेत प्रवास होतो. गाडी भाड्याने घेतली तर झांझिबारचा स्थानिक परवाना वेगळा काढावा लागतो. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात.

वेळ ठरवताना एक खबरदारी. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा म्बिली', शब्दशः दोन वाजता, म्हणजे सकाळचे आठ. बोटवाल्याशी वेळ ठरवली की घड्याळात काटा दाखवून खात्री करा.

आई-बाबांना, सत्तरीच्या, नेता येईल?

येईल. नुंग्वीपेक्षा केंद्वा, आणि स्टोन टाउनमध्ये लिफ्ट असलेलं हॉटेल. जुन्या घरांचे जिने फार उभे आहेत. वडीलधाऱ्यांना तिथे फार मान. मुलं वाकून 'शिकामू' म्हणतात, त्यावर 'माराहाबा' म्हणायचं. आई-बाबांना एवढं शिकवून न्या, गावात त्यांच्याशी सगळे बोलतील.

सफारी जोडता येईल का?

येईल, पण आठ दिवसांपेक्षा कमी असतील तर जोडू नका. सेरेंगेटीला झांझिबारहून छोटी विमानं जातात, महाग. स्वस्तातला मार्ग म्हणजे दारहून २०२४ मध्ये सुरू झालेली विजेवरची रेल्वे मोरोगोरोपर्यंत, तिथून गाडीने मिकुमी राष्ट्रीय उद्यान.

सामानात काय हवं, काय नको?

चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा अडॅप्टर हवा. उन्हाची क्रीम, डास पळवणारं मलम आणि नेहमीची औषधं चिठ्ठीसह. प्लॅस्टिकच्या कॅरी बॅगा २०१९ पासून बंद आहेत, विमानतळावर काढून घेतात. खाऊ, कपडे, चपला कापडी पिशव्यांत भरा. येताना शंख, शिंपले, प्रवाळ आणू नका, विकत मिळाले तरी. मसाले आणायचे तर शेतावरच्या रंगीत पुड्यांपेक्षा दाराजानी बाजारातली सुटी लवंग आणि दालचिनी घ्या, वजनावर, हुंगून.